देवनागरी मोनोग्राम आणि घरचं कटिंग मशीन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाची वाणं, मग एप्रिल-मेमध्ये रुखवत आणि अंतरपाट, मग गणपती. या तिन्ही हंगामांत माझ्या फोनवर तेच ते प्रश्न येतात. रात्री अकराला एका हाताने व्हिनाइल सोलत दुसऱ्या हाताने तीच ती उत्तरं टाइप करायचा कंटाळा आला, म्हणून एकदाच सगळं लिहून काढलंय. कटिंग मशीन म्हणजे फोनवरचं किंवा कॉम्प्युटरवरचं डिझाइन बारीक पात्याने कागदातून, व्हिनाइलमधून (चिकटणारा प्लॅस्टिकचा पातळ कागद) कापून देणारं छोटं यंत्र. मी लालबागला एका खोलीच्या कोपऱ्यात हे काम करते. त्यामुळे उत्तरं जागा कमी, दमट हवा आणि मराठी नावं, या तीन गोष्टी गृहीत धरूनच दिली आहेत. मशीन आधीच घरात असेल तर थेट प्रश्न ४ पासून वाचा.

१. मोनोग्राम म्हणजे नेमकं काय? नुसतं नाव कापलं तर चालत नाही का?

चालतं की, पण ते नाव झालं. मोनोग्राम म्हणजे एक, दोन किंवा तीन आद्याक्षरं अशी गुंफायची की सगळ्यांची मिळून एकच खूण व्हावी. अक्षरं शेजारीशेजारी उभी असतील तोवर ती नुसती आद्याक्षरं. एकाचा दांडा दुसऱ्याने वापरला, दोघांनी एक शिरोरेषा वाटून घेतली, की मोनोग्राम. फोर्टात, गिरगावात जुन्या इमारतींच्या लोखंडी गेटांवर मालकाची इंग्रजी अक्षरं वेलबुट्टीत अडकवलेली अजून दिसतात. आपली ही हौस भांड्यांवर भागायची. दुकानातला माणूस छोट्या यंत्राने टरर्र करत पातेल्याच्या काठावर नाव आणि तारीख घालून द्यायचा. माझ्या आईच्या परातीवर अजून आजीचं नाव आहे.

२. ताई, मशीन कोणतं घेऊ?

आधी रुंदी ठरवा, कंपनी नंतर. क्रिकट जॉय साडेचार इंच रुंदीपर्यंत कापतं. डब्यांवरची लेबलं, वाणाच्या पिशव्या, ग्रीटिंग कार्ड एवढंच करायचं असेल तर ते पुरतं आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावरही मावतं. टी-शर्ट, अंतरपाट, दाराची पाटी करायची तर १२ इंची मशीन हवं, म्हणजे क्रिकटचं एक्सप्लोर किंवा मेकर, नाहीतर सिल्हूट कॅमिओ. मेकरला कापड कापायचं फिरतं पातं आणि कोरायची सुई लावता येते, एक्सप्लोरला नाही. ब्रदरच्या स्कॅनएनकटमध्ये स्कॅनर आतच असतो. ज्यांचं अक्षर मुळात सुंदर आहे आणि ज्यांना कागदावर हाताने काढलेलंच कापायचं आहे, त्यांनी त्याचा जरूर विचार करावा. सुलेखन येणाऱ्या माणसाला फाँट शोधत बसवणं मला अन्याय वाटतो.

जागेचं एक लक्षात ठेवा. कागद किंवा व्हिनाइल ज्या चिकट तक्त्यावर लावून मशीनमध्ये घालतात ती मॅट, कापताना मशीनच्या मागे बाहेर येते. भिंतीला टेकवून ठेवलंत तर मॅट भिंतीला आपटते आणि डिझाइन सरकतं. मागे फूटभर जागा सोडा.

३. मोबाइलवर सगळं होईल ना? लॅपटॉप नाही माझ्याकडे.

इंग्रजी अक्षरांचं बरंचसं होईल. देवनागरीसाठी मात्र कुणाचा तरी कॉम्प्युटर दोन तास मागून आणा. कारण प्रश्न ६ मध्ये आहे. एकदा फाइल तयार झाली की पुढचं कापणं फोनवरून करता येतं.

४. माझं नाव स्नेहल. मोनोग्राममध्ये ‘स’ घ्यायचा की ‘स्ने’?

‘स्ने’. आपण पाटीवर ‘वि. ग. कुलकर्णी’ लिहितो, ‘व. ग. कुलकर्णी’ नाही. विनायकचा वि, गोविंदचा गो, चिंतामणचा चिं, तोही अनुस्वारासकट. मराठीत आद्याक्षर म्हणजे अख्खं पहिलं अक्षर, वेलांटी-उकार-जोडाक्षरासह. ‘स’ घेतला की तो स्नेहलचाही आणि सुनीताचाही. खूण म्हणून त्याचा उपयोग काय?

अडचण अशी की अशी अक्षरं जड होतात. ‘स्ने’, ‘प्र’ आणि ‘क्षी’ तिन्ही एका वर्तुळात कोंबली तर पाच फुटांवरून काळा ठिपका दिसतो. तेव्हा मी दोनच अक्षरं घेते, नाव आणि आडनाव. मधलं सोडून देते.

तीन घ्यायचीच असतील तर क्रमाचा प्रश्न येतो. इंग्रजी पद्धतीत आडनावाचं अक्षर मध्ये आणि मोठं, नाव डावीकडे, मधलं नाव उजवीकडे. तिन्ही एकाच मापाची असतील तर सरळ क्रम. आपल्या डोळ्यांना नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव हा क्रम इतका सवयीचा आहे की मधलं अक्षर मोठं केलं तरी लोक ते वडिलांचंच समजतात. म्हणून मी तिन्ही सारखी ठेवते. शेवटी मोठ्याने वाचून बघते, कारण मा, क आणि ड ओळीने आले की हळदीकुंकवाला पिशवी कुणी हातात धरायची नाही. अशा वेळी इंग्रजी क्रम कामाला येतो.

आणि बाईच्या ऑर्डरीत मधलं अक्षर माहेरचं की सासरचं, हे मी तिलाच विचारते. ऑर्डर देणाऱ्या नणंदेला नाही.

५. लग्नाच्या मोनोग्राममध्ये आधी वर की वधू?

ज्या घरचं काम आहे त्यांना विचारा आणि मोकळे व्हा. इंग्रजी पद्धतीत सहसा वधू आधी येते. आपल्या पत्रिकांवर दोन्ही क्रम सापडतात. मी आकार बघून सुचवते. उजवीकडे काना असलेलं अक्षर शेवटी छान बसतं, कारण काना चौकटीसारखा कडेला उभा राहतो.

६. मशीनच्या ॲपमध्ये मराठी टाइप केलं की वेलांटी भलतीकडे जाते, जोडाक्षरं फुटतात. शिवाय कापताना प्रत्येक अक्षराच्या मध्ये चीर पडते. काय चुकतंय?

दोन वेगळ्या चुका आहेत, बहुतेक जणांच्या एकदमच होतात.

पहिली टायपिंगची. देवनागरीत अक्षरं एकामागून एक मांडून भागत नाही. वेलांटी टाइप होते नंतर आणि बसते आधी, जोडाक्षराचा आकार तर पार बदलतो. सगळ्या ॲपना हे झेपत नाही. मी मशीनच्या ॲपमध्ये मराठी टाइपच करत नाही. इंकस्केप हा फुकट प्रोग्राम घ्या, त्यात देवनागरी नीट उमटते. तिथे लिहा, मग ‘पाथ’ मेनूमधून ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ करा. आता ती अक्षरं राहिली नाहीत, नुसते आकार झाले. कुठल्याही मशीनवर गेले तरी फुटणार नाहीत.

दुसरी चूक जोडण्याची. प्रत्येक अक्षर आपली शिरोरेषा स्वतःबरोबर घेऊन येतं आणि शेजारच्या अक्षराच्या शिरोरेषेवर जरासं चढतं. पडद्यावर एक सलग रेघ दिसते, मशीनला मात्र दोन आकार दिसतात आणि ते दोन्हींच्या कडा इमानदारीत कापतं. म्हणून आकार सुटे करून, म्हणजे ‘अनग्रुप’ करून, सगळे निवडायचे आणि ‘पाथ’मधूनच ‘युनियन’. क्रिकटच्या ॲपमध्ये त्याच कामाला ‘वेल्ड’ म्हणतात. तिथलं ‘अटॅच’ वेगळं. अटॅच फक्त जागा धरून ठेवतं, कडा एक करत नाही. चीर पडलीय म्हणून फोटो पाठवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी अटॅच केलेलं असतं.

मग फाइल एसव्हीजी म्हणून साठवा. सिल्हूटच्या फुकट आवृत्तीत आपली एसव्हीजी उघडत नाही, त्यासाठी डीएक्सएफ साठवा. मशीनच्या ॲपमध्ये आणल्यावर माप एकदा तपासा. प्रोग्राम बदलला की कधीकधी मापही बदलतं, आणि चार इंचांचा मोनोग्राम पाच इंचांचा होऊन डब्याला वळसा घालतो.

७. पत्रिका छापणाऱ्याने मराठी फाइल दिली, पण माझ्याकडे उघडल्यावर इंग्रजी गिचमीड दिसते.

त्यांनी छापखान्यातला जुना डीटीपी फाँट वापरलाय, युनिकोड (कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी मराठीच दिसावी अशी पद्धत) नाही. तो फाँट तुमच्याकडे नसल्याने आतल्या इंग्रजी कळा उघड्या पडतात. त्यांना फोन करून ‘कर्व्ह करून पीडीएफ पाठवा’ एवढंच सांगा, छापखान्यात ही भाषा कळते. ती पीडीएफ इंकस्केपमध्ये उघडा आणि प्रश्न ६ मधल्या ‘युनियन’पासून पुढे चला.

८. फाँट कोणते वापरू? फुकट आणि विकायला परवानगी असलेले सांगा.

गूगल फाँट्सवर देवनागरी भरपूर आहे आणि बहुतेक फाँट मुक्त परवान्याचे आहेत. म्हणजे त्यात बनवलेली वस्तू विकता येते, फक्त फाँटची फाइल सुटी विकायची नाही. ‘एक टाइप’ या मुंबईच्या गटाने केलेले मुक्ता आणि बलू हे माझे रोजचे. मुक्ता सरळ, स्वच्छ, लहान मापातही फाटत नाही. बलू गोलमटोल, बारशाच्या कामाला बरा. त्यांचाच मोदक नावाचा फाँट आहे, नावासारखाच फुगलेला. त्यात अक्षरांची पोटं इतकी बारीक चिरांची असतात की दोन इंचांच्या खाली तो कापून सोलायला बसलात तर चष्म्याचा नंबर वाढेल. मोठ्या मापात, भिंतीवर, तो देखणा दिसतो.

माझा लाडका यात्रा वन. मुंबईच्या लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून तो बेतलाय. परळ-दादरच्या माणसाला त्याचं अक्षर बघून आपलं वाटतं, का ते सांगता येत नाही.

‘फक्त वैयक्तिक वापरासाठी’ असं लिहिलेले फाँट घरच्या डब्याला ठीक. पैसे घेऊन देणार असाल तर नको.

९. माझ्या लताचा ‘ल’ हिंदीसारखा येतो. शीतलचा ‘श’ही तसाच.

लक्षात आलं याबद्दल शाबासकी, बऱ्याच जणांना येत नाही. मराठीचा ल पाकळ्यांचा आणि श देठाचा. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयातही हीच रूपं धरली आहेत. बरेच फाँट मुळात हिंदी वळणाचे असतात. काहींमध्ये मराठी रूप आत दडलेलं असतं आणि मजकुराची भाषा मराठी ठरवली की बाहेर येतं. एवढा खटाटोप नको असेल तर टिरो देवनागरी मराठी घ्या, त्यात ही रूपं आधीच बसवलेली आहेत. पूर्ण वाक्यात कुणी हे बघणार नाही. पण मोनोग्राममध्ये एकुलतं एक अक्षर चार इंच उंच उभं असतं, तिथे परकं वळण डोळ्यात खुपतं.

१०. इंग्रजीत तीन अक्षरं मिळून गोल होतो तसे फाँट मिळतात. मराठीत गोल मोनोग्राम कसा करायचा?

इंग्रजी गोल मोनोग्रामच्या फाँटमध्ये डावं, मधलं आणि उजवं अक्षर वेगवेगळं वाकवून ठेवलेलं असतं. देवनागरी अक्षर तसं वाकवलं की शिरोरेषा केळ्यासारखी होते आणि अक्षर आजारी दिसतं. मी सुरुवातीला वर्षभर हेच करत होते, फोटो काढून टाकलेत.

आपल्या लिपीला वरून लटकायची सवय आहे, तिचाच फायदा घ्यायचा. मृणाल आणि सागरचं उदाहरण घ्या. ‘मृ’ आणि ‘सा’ शेजारी लिहा, दोघांत बोटभर जागा ठेवून. दोन्हींच्या शिरोरेषा एकच लांब रेघ करून जोडा. ही रेघ दोन्ही बाजूंना अक्षरांच्या बाहेर काढा आणि तिथपर्यंत एक वर्तुळ आणा, म्हणजे शिरोरेषा वर्तुळाची जीवा झाली, तोरण बांधल्यासारखी. आता ‘मृ’च्या पायाशी असलेला ऋकाराचा आकडा थोडा खाली ओढून वर्तुळाला टेकवा. उजवीकडे ‘सा’चा काना लांबवून तोही वर्तुळात रोवा. अक्षरं वरून, खालून, दोन्हीकडून धरली गेली. याला कुठेही चिकटवायला नको, कागदातून कापलं तरी एकसंध उचललं जातं. शिरोरेषेच्या वर जी चंद्रकोरीसारखी जागा उरते तिथे तारीख किंवा मोगऱ्याची कळी.

एक तांत्रिक मेख. वर्तुळ आणि रेघ इंकस्केपमध्ये जाड दिसली तरी मशीनला जाडी कळत नाही, ते मधोमध एकच चीर देतं. म्हणून युनियन करण्याआधी ‘स्ट्रोक टू पाथ’ करायचं.

११. अक्षर मधून चिरून त्यात पूर्ण नाव घालतात, तसं देवनागरीत जमेल?

जमतं, पण बरोबर मध्यावर चिरू नका. अक्षराची ओळख वरच्या भागात जास्त असते, म्हणून नावाची पट्टी जरा खाली घ्या. खाली उकार असलेली अक्षरं यासाठी नको.

१२. व्हिनाइलचे इतके प्रकार आहेत, कशावर काय लावू?

सोपी विभागणी: काच, स्टील, प्लॅस्टिक, लाकूड अशा टणक वस्तूंना चिकटणारं व्हिनाइल, आणि कापडाला इस्त्रीने बसणारं एचटीव्ही. टणकवाल्यात कायमचं आणि काढता येणारं असे दोन. ओराकल या ब्रँडचं ६५१ पहिल्या प्रकारचं, बाहेर ऊनपाऊस सोसतं. ६३१ भिंतीसाठी, काढलं तर रंग उपटत नाही. भाड्याच्या घरात काढता येणारंच लावा.

मुंबईत याच सामानाला सगळे ‘रेडियम’ म्हणतात. अंधारात चमकणं वगैरे काही नसतं, पण दुकानात व्हिनाइल मागितलंत तर जमिनीवर अंथरायचं दाखवतील. ‘कटिंगचं रेडियम’ म्हणा.

कापल्यावर नको तो भाग उपटून काढायच्या कामाला वीडिंग म्हणतात, आपली खुरपणीच. देवनागरी एक सेंटिमीटर उंचीच्या खाली असेल तर या खुरपणीत रफार आणि अनुस्वार कचऱ्याबरोबर निघून जातात. अनुस्वार आधी बोटाने दाबून धरा, मग आजूबाजूचं सोला.

१३. टी-शर्टवर अक्षरं उलटी आली! आता?

आता काही नाही, पुढच्या वेळी मिरर करा. एचटीव्ही पारदर्शक फिल्म खाली ठेवून, म्हणजे मागच्या बाजूने कापतात, म्हणून डिझाइन आरशात दिसल्यासारखं उलटं लागतं. गल्लीतल्या मुलांच्या गणपतीच्या २२ टी-शर्टांची अक्षरं मी एकदा सरळ कापली. अकरा सोलून झाल्यावर चहा प्यायला उठले, परत येताना पलीकडच्या बाजूने नजर गेली तेव्हा कळलं. तेव्हापासून पहिला तुकडा सोलला की फिल्मच्या बाजूने वाचून बघते. तिथून सरळ वाचता आलं तरच पुढे.

टणक वस्तूंवरच्या व्हिनाइलला मिरर नको. अपवाद काचेच्या आतून लावायचं असेल तर.

१४. हीट प्रेस नाही, घरच्या इस्त्रीने होईल का? आणि रेशमी अंतरपाटावर?

साध्या एचटीव्हीला साधारण १५० अंश सेल्सियस आणि १० ते १५ सेकंदांचा दाब लागतो. नेमका आकडा पाकिटावर असतो, तो माना. इस्त्रीने होतं, पण वाफ बंद, खाली मऊ गादी न ठेवता टणक पाट ठेवायचा, आणि इस्त्री फिरवायची नाही. ठेवायची, दाबायची, उचलायची, पुढे ठेवायची. फिरवली की अक्षर सरकतं. फिल्म गरम असताना काढायची की थंड झाल्यावर, हेही पाकिटावरच. अक्षर लावल्यावर कपडा एक दिवस धुऊ नका, नंतर उलटा करून धुवा.

रेशमाला माझा सरळ नकार असतो. १५० अंश रेशमाला फार. कमी तापमानाचं एचटीव्ही मिळतं, वर सुती रुमाल ठेवूनही करता येतं, पण लग्नाच्या आदल्या रात्री कुणाच्या आजीच्या शालूतून कापलेल्या अंतरपाटावर प्रयोग करायची माझी छाती नाही. सुती पांढरा तुकडा घ्या, कडेला जर लावा. मंगलाष्टकं संपेपर्यंत तो हातात धरणाऱ्यांनाही हलका पडतो.

१५. रांगोळीसाठी स्टेन्सिल कापला तर अक्षराच्या आतला भाग गळून पडतो.

इंग्रजीत हा त्रास ओ, ए, बी अशा मोजक्या अक्षरांचा. आपल्याकडे शिरोरेषा म्हणजे प्रत्येक अक्षराचं झाकण. प वरून उघडा वाटतो, पण शिरोरेषा आली की बंद डबी होतो. म, य, ष तसेच. व, ब, क तर आधीपासून बंद. स्टेन्सिलमध्ये ही प्रत्येक डबी सुटी होऊन पडते.

उपाय म्हणजे पूल. आतल्या तुकड्यापासून बाहेरच्या शीटपर्यंत दोन-तीन मिलिमीटरची पट्टी शिल्लक ठेवायची. शिरोरेषेने बंद झालेल्या अक्षरांसाठी माझा ठेवणीतला उपाय: पूल शिरोरेषेतच टाका, अक्षराच्या पोटावर. जुन्या खोक्यांवर रंगाने छापलेल्या अक्षरांत अशा तुटक रेघा असायच्या, त्यामुळे डोळा त्या आपोआप जोडून घेतो. ग, न, त, र अशा खालून उघड्या अक्षरांना पुलाची गरज नसते. फक्त त्यांच्या आत शिरलेली शीटची लांब जीभ हलते, तिला टेप लावा.

१६. केक टॉपर केला, ‘चिं’चा अनुस्वारच नाही!

तो मॅटवर राहिला असणार. व्हिनाइलमध्ये सुटा ठिपका चालतो, कापलेली अक्षरं उचलून वस्तूवर नेणारी चिकटपट्टी, म्हणजे ट्रान्सफर टेप, त्याला जागेवर नेते. कागदी किंवा कार्डशीटच्या टॉपरमध्ये सगळं एकाला एक जोडलेलंच हवं. अनुस्वार खाली ओढून शिरोरेषेला किंवा वेलांटीच्या कमानीला टेकवा आणि युनियन करा (प्रश्न ६). प्रश्न १० मधलं वर्तुळ असेल तर तो वर्तुळालाही टेकवता येतो. थोडं अशुद्ध दिसेल, पण नाव तरी बरोबर राहील.

१७. पावसाळ्यात मॅट चिकटत नाही, कागदाच्या कडा वर येतात.

जून ते सप्टेंबर हे चालायचंच. कागद दमट झाला की पात्याखाली कापला न जाता फाटतो, त्यातून ‘ळ’च्या बारीक वळणावर हमखास. कार्डशीट झिपच्या पिशवीत, औषधाच्या बाटलीतून निघालेल्या सिलिका पुड्या टाकून ठेवा. कापायच्या आधी तासभर कपाटातून काढून पंख्याखाली ठेवू नका, त्याने उलट वाकतो. काढा आणि लगेच कापा.

मॅट कोमट पाणी आणि दोन थेंब भांड्यांचा साबण घालून मऊ स्पंजने धुवा, हवेवर वाळवा. चिकटपणा बराचसा परत येतो. पुसायला कापड वापरलंत तर सगळा धागा-धागा तिलाच चिकटेल.

१८. स्टीलच्या डब्यावर मशीनने नाव कोरता येईल का?

नाही. मेकरची कोरायची सुई ॲल्युमिनियमसारख्या मऊ धातूवर चालते, स्टेनलेस स्टीलवर नाही. शिवाय गोल डबा मशीनमध्ये जातच नाही. प्रश्न १ मधला भांड्यांच्या दुकानातला माणूस गाठा.

डब्यावर, बाटलीवर कायमचं व्हिनाइल लावता येतं. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, हाताचं तेल राहिलं तर कोपरे उठतात. लावल्यावर तीन दिवस पाणी नको. बाहेरूनच लावा, ओठ लागतो त्या काठापासून लांब, आणि खरवडायचा काथ्या त्यावर फिरवू नका. आपल्या घरांत काथ्या फिरतोच, हे मी ऑर्डर घेतानाच सांगते.

१९. अमेरिकेहून भावाने मशीन आणि हीट प्रेस आणलंय. इथे लावू?

मशीनच्या ॲडॉप्टरवर बारीक अक्षरांत इनपुट वाचा. १०० ते २४० व्होल्ट लिहिलं असेल तर फक्त पिन बदलून चालेल. हीट प्रेसचं तसं नसतं. तिकडचे प्रेस १२० व्होल्टचे आणि आपली वीज २३० ची, थेट लावलात तर जळेल. जड ट्रान्सफॉर्मर घेण्यापेक्षा इथलाच प्रेस घ्या.

२०. सामान मुंबईत कुठे मिळेल?

कागद, कार्डशीट, डबे-पिशव्या यांसाठी क्रॉफर्ड मार्केटजवळची अब्दुल रहमान स्ट्रीट. लग्नपत्रिकेचा जाड, पोताचा कागद गिरगावात खाडिलकर रोडला बघा. कापड मंगलदास मार्केटला, लेस आणि गोंडे भुलेश्वरला. रविवारी बराचसा भाग बंद असतो.

व्हिनाइल साइनबोर्डाचं सामान विकणाऱ्याकडून मीटरवर घेतलंत तर छोट्या पाकिटांपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं. रोल सहसा दोन फुटी असतो. मधोमध कापून मागा, दोन्ही तुकडे १२ इंची मशीनला बसतात. ट्रान्सफर टेपही तिथेच.

२१. मोडी लिपीत मोनोग्राम करता येईल?

येईल आणि फार सुंदर होतो, कारण मोडीत मुळातच आधी ओळभर शिरोरेषा ओढून मग तिला अक्षरं टांगतात. प्रश्न १० ची युक्ती तिथे जन्मजात आहे. मोडी २०१४ साली युनिकोडमध्ये आली, नोटो सान्स मोडी हा फाँट फुकट मिळतो. कापण्याआधी मोडी वाचणाऱ्या कुणालातरी दाखवा. आपल्याला न वाचता येणारं अक्षर आपण चुकीचं कापलं तरी कळत नाही.

२२. मोठ्या फॅशन कंपनीच्या मोनोग्रामसारखं पर्सवर करून द्याल का?

नाही. ती अक्षरं नोंदणीकृत ट्रेडमार्क असतात. कार्टूनची पात्रंही नकोत, तिथे कॉपीराइट आड येतो. वाढदिवसाला कुणी तक्रार करत नाही हे खरं, पण मी पैसे घेऊन करणार नाही. आणि स्वतःचं अक्षर असताना दुसऱ्याचं कशाला मिरवायचं?

२३. गाडीवर लावू का?

मागच्या काचेच्या कोपऱ्यात किंवा पत्र्यावर, कायमचं व्हिनाइल. नंबरप्लेटवर आणि समोरच्या काचेवर काहीही नाही.

२४. नवरा म्हणतो नाक्यावरचा रेडियमवाला हेच करून देतो, मग मशीन कशाला?

वर्षाला दोनदाच लागणार असेल तर नवऱ्याचं ऐका. रेडियमवाल्याकडे प्लॉटर मोठा असतो, हात बसलेला असतो. दुकानाच्या पाटीसारखं मोठं काम मीही त्याच्याकडेच देते. फक्त फाइल आपली न्यायची, प्रश्न ६ प्रमाणे युनियन केलेली, नाहीतर तो त्याच्याकडच्या तीन फाँटांपैकी एक लावेल आणि ल हिंदीचा येईल.

कापड, कागद, स्टेन्सिल, एकाच घरासाठी २१ वेगवेगळी आद्याक्षरं, हे तो करत नाही. त्याला परवडत नाही. गेल्या संक्रांतीला मी एका सोसायटीच्या वाणासाठी ३४ बायकांच्या ३४ पिशव्या केल्या, प्रत्येकीवर तिचं अक्षर. एक काकू पिशवी उलटसुलट करून बघत होत्या. त्यांच्या घरात भांड्यांवर सासूबाईंचं नाव आहे आणि दाराच्या पाटीवर यजमानांचं, असं म्हणाल्या. मग पिशवीतलं वाण दुसऱ्या पिशवीत काढून ठेवलं आणि ती रिकामी पिशवी घडी घालून पदराखाली धरून घेऊन गेल्या.